मांडव उतरला की दाखवीन

वसुधा, तुझ्यावर मी चिडले आहे, हे आधी सांगून टाकते. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. पण मी तुझ्याबद्दल कुठे बोलते आहे, तुझ्याशी बोलते आहे, आणि तुझ्याशी मी आयुष्यभर भांडूनच बोलत आले. आता एकाएकी गोड आवाज कुठून आणू?

तुझ्या घरी पोचले तेव्हा अंगणात लग्नाच्याच खुर्च्या होत्या. मांडववाल्याने कापड आणि बांबू नेले होते, खुर्च्या दुसऱ्या खेपेला नेणार होता. तुझ्या भाचीच्या, प्राचीच्या लग्नात ज्या खुर्च्यांवर बसून लोक बुंदी खात होते त्याच खुर्च्यांवर बसून आता ते तुझ्याबद्दल कुजबुजत होते. पाठीला गुलाबी सॅटिनच्या गाठी तशाच बांधलेल्या, त्या सोडायचं कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. मांडव उतरला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचं आधण ठेवता ठेवता तू ओट्याजवळ कोसळलीस. भाचीची पाठवणी झाली, पाहुणे आपापल्या गावी गेले, मांडवावरचे जांभळीचे वाळलेले डहाळे झाडून झाले, आणि मग तू गेलीस.

"पुण्यवान बाई," शेजारच्या काकू म्हणत होत्या. "कोनाले म्हून तरास नाही देल्ला. पोरीचं लगन पार पाडलं, अन् मंग गेली." सगळ्यांनी माना डोलावल्या. एका काकांनी तर "असं मरन याले पाह्यजे" असंही म्हणून टाकलं. अगं, एक धडधाकट बाई निवृत्तीच्या आत मेली, आणि सोयीच्या वेळी मेली म्हणून तिला शाबासकी! मला त्यातली एखादी खुर्ची उचलून भिरकवावीशी वाटली. पण तुझे भाऊ भिंतीला टेकून बसले होते, त्यांच्याकडे पाहून तिच्यावरच बसून घेतलं.

मग तुझ्या वहिनीने मला आत नेलं आणि पदराने डोळे पुसत सांगितलं, "ॲसिडिटी हाय म्हनत होत्या, कुंदाताई. दिवाळीपासून. छातीत जळजळते म्हने. मी म्हटलं, डॉक्टरले दाखवा ना. तर म्हने, मांडव उतरला की दाखवीन." दवाखान्यातल्या डॉक्टरांनी भाऊंना सांगितलं ते निराळंच. हे दुखणं आजचं नाही, बाईंना बरेच दिवस जाणवत असणार, असं ते म्हणाले.

बरेच दिवस. त्या सगळ्या दिवसांत तू रोज संध्याकाळी मला फोन करत होतीस. प्राचीच्या शालूचा रंग सांगितलास, आचारी बदलल्याचं सांगितलंस, परतवाड्याच्या व्याह्यांच्या मिश्या कशा आहेत तेही सांगितलंस. छातीचं नाही सांगितलंस. मग वसुधा, मले काहून नाही सांगितलं? माझा एवढा एकच प्रश्न आहे. त्याचं उत्तर मिळाल्याशिवाय मला धड रडताही येत नव्हतं.

आपण मनाचं शास्त्र शिकवणाऱ्या बाया. तू अमरावतीत, मी अकोल्यात. विद्यापीठात एम. ए. करताना भेटलो, तेव्हा मी अकोल्याच्या मोर्णा नदीपलीकडच्या जुन्या शहरातून आलेली, होस्टेलचं पाणचट वरण पिऊन कंटाळलेली. तू घरून डबा आणायचीस. तुमच्या मळ्यातली मेथी, वांगी, आणि वर भाऊंनी बाजारात नेताना वगळलेली झेंडूची दोन फुलं केसात. पहिल्याच महिन्यात सरांनी व्यक्तिमत्त्वाचे तीन भाग सांगितले. इदम् म्हणजे जन्माबरोबर आलेली ओढ, तिला सगळं आत्ताच्या आत्ता पाहिजे. पराहम् म्हणजे आईबापांनी आणि समाजाने आत बसवलेला पहारेकरी, तो सतत चूक काढतो. आणि अहम् म्हणजे जग कसं आहे ते पाहून दोघांत मार्ग काढणारा. सर लिहून देत होते, आम्ही उतरवून घेत होतो, आणि तू उठून विचारलंस, "सर, ह्या तिघांत स्वयंपाक कोण करते?"

वर्ग हसला. सर हसले नाहीत. बाहेर आल्यावर तू मला समजावलंस. लेकराला भूक लागली ते इदम्. सासू म्हणते आज एकादशी, ती पराहम्. बाजारात भगर मिळते की नाही ते वास्तव. "अन् ह्या तिघायले सांभाळता सांभाळता जिचा पिट्टा पडते ना, ते घरातली सून. थेच अहम्. लोक उगीच म्हनतात त्याले लय इगो हाय, त्याले लय इगो हाय. इगो म्हनजे मिजास नाही वं, इगो म्हनजे राबनारी सून."

आपलं पहिलं भांडण तिथेच झालं, आणि ते मिटलं नाही. माझं म्हणणं होतं, आणि आहे, की डोक्यात तीन माणसं बसलेली नसतात. ती एकाच मनाच्या तीन कामांची नावं आहेत. हट्ट करणारी मीच, त्यावर रागावणारी मीच, आणि समजूत काढून दिवस पुढे ढकलणारीही मीच. सासू, सून, लेकरू अशी वाटणी केली की पोरांना वाटतं, दोष कोणा दुसऱ्याचाच. तू म्हणायचीस, "कुंदे, तुह्या व्याख्या पोट्टे पेपरात लिहितीन अन् पायरी उतरता उतरता विसरतीन. माहीवाली सून त्यायले जलमभर याद राहीन."

हिमनगाचंही तसंच. पुस्तकात अबोध मनासाठी हिमनगाचं चित्र असतं, थोडा पाण्यावर, बाकी सगळा खाली. मी ते फळ्यावर छान काढायचे. एकदा तू माझ्या कॉलेजात आली होतीस आणि दारातून पाहिलंस. "अकोल्याच्या उन्हात हिमनग!" म्हणत सरळ आत आलीस. "ह्या पोट्ट्यायनं बर्फ पाह्यला तो गोल्यात. थो तर पुरा वरतच असते, काडीवर." मग तू त्यांनाच विचारलंस, उन्हाळ्यात काळ्या वावराला भेगा पडतात, त्यात विळा पडला तर काय होते? सापडत नाही, मॅडम. अन् पाणी पडल्यावर? भेग मिटते. अन् विळा? आतच राह्यते. "हं," तू म्हणालीस, "अन् मंग कधी तरी नांगराले लागते. थेच अबोध मन." आणि निघून गेलीस. त्या वर्षी पेपर तपासताना मला कळलं की माझ्या सगळ्या वर्गाने हिमनग सोडून विळा लिहिला आहे. तुला फोन करून मी किती बोलले होते! तू फोनवर नुसती हसत होतीस.

पण खरं भांडण इदम्‌वरून. मी वर्गात सांगायचे की ह्याला वेसण पाहिजे, नाही तर माणूस आणि जनावर ह्यांत फरक उरणार नाही. तुला ते अजिबात पटायचं नाही. "बिचारं हाय वं थे," तू म्हणायचीस. "भूक लागली, भेव वाटलं, जवळ घ्या, एवढंच त्याले बोलता येते. त्याले जगायचं असते फक्त. वाईट त्याले आपन म्हनतो."

"आणि पराहम्?" मी विचारायचे.

"थो लय चांगला मानूस हाय. मले चांगल्या मानसाचंच भेव वाटते."

हे बोलणारी बाई स्वतः कशी होती? आपल्याकडे प्रात्यक्षिक परीक्षेला बाहेरचा परीक्षक आला की आधी पोहे, मग चहा, मग परीक्षा, मग वांग्याची भाजी, पोळी आणि गोडधोड, आणि ते पोटात उतरल्यावर गुण. जेवण जमलं तर गुणही जमतात अशी सगळ्यांची श्रद्धा. तू माझ्याकडे परीक्षक म्हणून यायचीस ती पाण्याची बाटलीसुद्धा घरून घेऊन. गुणांच्या पाकिटावर लाख पडेपर्यंत आमच्याकडचा घोटभर चहा नाही. आमचे प्राचार्य दरवर्षी कासावीस व्हायचे, "मॅडम आमच्यावर नाराज आहेत का हो?" म्हणून मला बाजूला घेऊन विचारायचे. शिक्का उमटला की तू खुर्चीत ऐसपैस बसायचीस आणि म्हणायचीस, "हं, आता आन वं कुंदे, जीव चालला भुकेनं." मग त्यांच्या वांग्याच्या भाजीच्या पातेल्याचा तळ दिसेपर्यंत तू उठायची नाहीस.

संरक्षण यंत्रणा हा तुझा गाजलेला तास. नको असलेलं सत्य मन कसं झटकून टाकतं, दुसऱ्यावर कसं ढकलतं, त्याला गोड कारणं कशी जोडतं, ते सांगताना पोरं खिडकीत उभी राहून ऐकायची. आणि घरी? गुडघे दुखायला लागले तर कॉलेजने पायऱ्याच उंच बांधल्या. चष्म्याचा नंबर वाढला तर छापखान्यांनी अक्षर बारीक केलं. भाऊंचा राग आला तर त्या बिचाऱ्या कुकरला बोलणी. मी तोंडावर म्हणायचे, वसुधा, अगं, तुझा सगळा धडा तूच आहेस. तर म्हणे, "शिक्षकाजवळ उदाहरन तयार पाह्यजे."

लग्नाच्या आदल्या दिवशी मी आले तेव्हा तू मला लाडवांच्या पिपांच्या खोलीत सापडलीस. एकटीच, भिंतीला डोकं टेकून. माघातली थंडी आणि तुझा ब्लाऊज घामाने भिजलेला.

"काय झालं वं?"

"काही नाही. दम खाऊन राहिली जराशी."

"चेहरा कसा झाला तुहा?"

"पावडर नाही लावली म्हून."

"वसुधा, खरं सांग."

तर तू पिपातला एक लाडू उचलून माझ्या तोंडात कोंबलास. तोंड भरलेलं, बोलता येईना, आणि तेवढ्यात बाहेरून कोणी तरी आत्याला हळदीसाठी हाक मारली. तू उठलीस, पदर खोचलास आणि गेलीस. मी विचारलं होतं, वसुधा. हे मी मुद्दाम लिहून ठेवते. मी विचारलं होतं, आणि तू माझ्या तोंडात लाडू घातलास.

मांडव पडला, हळद लागली की घरात दवाखान्याचं नाव काढायचं नाही, हे आपल्याकडे सगळेच पाळतात. आम्ही असलं काही मानत नाही म्हणणारेही गुपचूप पाळतात. पण तुझा मांडव दिवाळीपासूनच पडला होता बहुतेक. आधी सोयरिक जुळली, मग साखरपुडा, मग कापडांचा बस्ता, मग पत्रिका. दर वेळी वाटेत काही तरी शुभ येऊन उभं राहिलं, आणि तुझी छाती मागे राहिली.

तेरवी झाली आणि तुझ्या प्राचार्यांचा फोन आला. दुसऱ्या वर्षाची परीक्षा तोंडावर आहे, मॅडमचं प्रकरण अर्धं राहिलं, तुम्ही निवृत्त आहात, चार तास घ्याल का? प्रकरण कोणतं, तर व्यक्तिमत्त्वाची रचना. मी नाही म्हणाले. फोन ठेवला. मग चिडचिड झाली की आता ही पोरं सासू-सून लिहून येतील, आणि ते दुरुस्त करायला कोणी उरलं नाही. परत फोन लावून हो म्हणाले. अमरावतीच्या बसमध्ये मूर्तिजापूर येईपर्यंत मी मनातल्या मनात तुझे मुद्दे खोडत होते. सवयच ती.

तुझ्या टेबलावर तुझा फोटो होता, हार घातलेला. मी त्याच्याकडे पाठ केली आणि फळ्यावर तीन शब्द लिहिले. पहिली व्याख्या सांगायला सुरुवात केली तर पुढच्या बाकावरची एक मुलगी हळूच म्हणाली, "मॅडम, हे झालं आमचं. नाटकबी बसवलं होतं मॅडमनं."

तुझं नाटक मला पाठ आहे. दरवर्षी तेच. चतुर्थीचा उपास आणि समोर दह्यात बुडवलेल्या गिल्या वड्याची गाडी. इदम् लाळ गाळतं, पराहम् डोळे वटारतो, आणि अहम् दोघांना साबुदाणा वड्यावर समजावतो. वर्गात हशा, आणि माझ्या कपाळाला आठ्या. म्हटलं, ठीक आहे, वडा तर वडा, करून टाका एकदाचं.

"वड्याचं नाही, मॅडम," मागून एक उंच मुलगा म्हणाला. "यंदा नवीन बसवलं होतं."

तिघं पुढे आली. ती पुढच्या बाकावरची पल्लवी, ती इदम्. उंच मुलगा गौरव, तो पराहम्. आणि साक्षी नावाची एक बारकी, गंभीर मुलगी, ती अहम्. सुरू करायच्या आधी गौरवने मला सांगितलं, "मॅडम, हे तिघं मिळून एकच बाई हाय. वसुधा मॅडमनं बजावलं होतं, तीन मानसं समजू नका, नाही तर अकोल्याच्या मॅडम रागावतीन."

इतक्या वर्षांत माझ्यासमोर एकदाही मान्य केलं नाहीस. आणि माझ्यामागे पोरांना हे शिकवून मोकळी झालीस! मी खुर्ची ओढून बसले.

पल्लवीने छातीवर हात ठेवला. "मले भेव वाटून राह्यलं. अथी दुखते. मले दवाखान्यात न्या."

गौरव हात मागे बांधून उभा. "लग्नघर हाय हे. पोरीच्या अंगाले हळद लागनार हाय. ऐन वक्ती आत्यानं अंथरून धरलं तर लोक काय म्हनतीन?"

"पन मले मरायचं नाही."

"तुहं एकटीचंच हाय का हे घर?"

साक्षी मध्ये. इकडे वळून "थांब वं जराशी", तिकडे वळून "हो जी, हो जी". मग तिने पाण्यात काही तरी ढवळून प्यायल्यासारखं केलं आणि समोर बघून म्हणाली, "ॲसिडिटी हाय. मांडव उतरला की दाखवीन."

तुझ्या वहिनीने सांगितलेलं वाक्य, जसंच्या तसं. साक्षीने मूठ कानाला लावली, फोनसारखी. "हं, जेवली का वं?" मग थोडा वेळ ऐकल्यासारखं केलं. पल्लवी तिची बाही ओढत होती, "सांग ना तिले, सांगून दे ना!" साक्षीने तिच्याकडे पाहिलं नाही. "नाही, काही नाही," ती फोनमध्ये म्हणाली. "असाच केला."

असाच केला. किती संध्याकाळी ऐकलं हे मी! आणि दर वेळी चिडून म्हटलं, मग ठेव, माझी भाजी करपते आहे.

पल्लवी थांबली ती थांबलीच. "मॅडम," ती रडत म्हणाली, "इथं सगळे हसले होते. मी पाय आपटून आपटून रडायची ॲक्टिंग केली, अन् सगळे हसत होते. मॅडमबी हसल्या. आम्हाले वाटलं, त्यायच्या गल्लीतली कोनी बाई असन. आम्हाले काय मालूम?"

मला तिला जवळ घ्यायला हवं होतं. पण माझ्या तोंडून आधी माझाच प्रश्न गेला. "ती फोनवरची मैत्रीण कुठे आहे? तिचं काम कोण करतं?"

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. साक्षी म्हणाली, "आम्ही म्हटलं होतं मॅडमले, मैत्रिनीचंबी एक पात्र घेऊ. तर मॅडम म्हने, नाही. थे आली का नाटक तथीच खतम. थे ना हिचं ऐकनार, ना त्याचं. हात धरीन अन् ऑटोत टाकून दवाखान्यात नेईन. मंग तुमाले पेपरात लिहाले काही उरनार नाही."

तेव्हा म्हणे ह्या वाक्याला वर्गात सगळ्यात मोठा हशा झाला होता.

हे होतं तर उत्तर. मी तेरा दिवस अंगणात, बसमध्ये, स्वयंपाकघरात स्वतःला खात होते की तुझा माझ्यावर भरवसाच उरला नव्हता. भरवसा इतका होता की माझ्यापासूनच लपवावं लागलं. वहिनीला ॲसिडिटी सांगता आली, कारण ती "दाखवा ना" म्हणून चहा टाकायला गेली असती. पोरांना नाटक म्हणून सांगता आलं, कारण ती हसली असती. मला अर्धा शब्द जरी सांगितला असतास तर मी मिळेल ती बस धरून आले असते, हे तुला पक्कं माहीत होतं. दाढेच्या वेळी मी तेच केलं होतं. सुजलेला गाल घेऊन तू पेपर तपासत बसली होतीस, मी तुला चपलेसकट ऑटोत ढकललं, आणि तू पूर्ण रस्ताभर मला शिव्या देत दवाखान्यात गेलीस. मुकाट्याने गेलीस असं नाही म्हणणार मी, पण गेलीस.

आणि इदम्‌चं म्हणशील तर, जा, जिंकलीस. तू म्हणत होतीस तेच खरं होतं. त्या पोरीच्या तोंडून ते नुसतं "मले मरायचं नाही" म्हणत होतं, ह्यात वाईट काय होतं? त्याला गप्प बसवलं ते तुझ्या चांगुलपणाने, ज्याचं अंगणात बसलेले सगळे कौतुक करत होते. तुला तर त्या चांगल्या माणसाची भीती वाटायची ना गं? मग त्याचंच ऐकलंस. इतकं सगळं कळत असून त्याचंच ऐकलंस! ह्याचा राग मी कुठे ठेवू, सांग. कुकरवर?

मी पल्लवीजवळ गेले. तिला म्हटलं, "तू चुकीचं काही केलं नाहीस. तुझं काम ओरडायचं होतं, तू ओरडलीस. सगळ्यात खरं तूच बोलत होतीस. हसलात त्याचं मनावर घेऊ नका, तिला हसवायचंच होतं तुम्हाला." तिने ओढणीने नाक पुसलं. तिला कितपत पटलं, माहीत नाही.

मग म्हटलं, "परत करा. फोनपासून."

साक्षीने मूठ कानाला लावली. "हं, जेवली का वं?" पल्लवी तिची बाही ओढायला लागली, आता खरंच रडत. "नाही, काही नाही. असाच..."

मी तिचं मनगट धरलं. "चाल," म्हटलं.

ती गोंधळली. गौरव मात्र आपलं काम विसरला नाही, आडवा आला. "मॅडम, लग्नघर हाय..."

"सरक बाजूले."

वर्गात कोणी तरी फिसकन हसलं, मग बरेच जण. हसू दिलं. साक्षीला ओढत मी दाराबाहेर पडले. पल्लवी तिचा दुसरा हात धरून आपणहून पळत आली. व्हरांड्यात मागे वळून पाहिलं तर गौरवही येत होता, "मीबी येतो, मॅडम," म्हणत, थोडा ओशाळल्यासारखा. तिघं मिळून एकच बाई, आणि ती सगळीच्या सगळी माझ्याबरोबर निघाली होती. जिन्यापाशी आम्ही थांबलो. मला दम लागला होता.

"झालं, मॅडम?" साक्षीने विचारलं. "खतम नाटक?"

"खतम," मी म्हटलं.

वसुधा, वर्गाच्या दारापासून जिन्यापर्यंत. एवढंच तर करायचं होतं. पोरीने हात सोडवून घेतला नाही. तूही घेतला नसतास, मूर्खे.